विमान मागे घेताना

विमानाला रिव्हर्स गिअर नसतो. खरं तर गिअरच नसतो, कारण त्याच्या चाकांना इंजिनाकडून काहीच मिळत नाही. मोटारीचं इंजिन चाक फिरवतं. विमानाचं इंजिन हवा मागे फेकतं आणि त्या रेट्यानं सगळं धूड पुढे सरकतं. चाकं नुसती फिरत राहतात. त्यामुळे जिन्याला किंवा एरोब्रिजला नाक लावून उभं असलेलं विमान तिथून निघायचं तर कुणीतरी ते मागे ढकलावं लागतं. मुंबई विमानतळाच्या रॅम्पवर माझी उमेदीची वर्षं हे ढकलण्यातच गेली.

गावी वाळवा तालुक्यात गेलो की लोक विचारायचे, "मग तू पायलटला मागं घ्या, मागं घ्या म्हणून हात करतोस का?" खिडकीत बसलेल्या प्रवाशालाही तसंच वाटतं, पायलटनं गाडी मागे घेतली. प्रत्यक्षात त्या तीन-चार मिनिटांत विमान पायलटच्या हातात नसतं. त्याचे पाय ब्रेकवर नसतात, हात पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगवर नसतो. निदान नसावा, अशी आमची इच्छा असते. त्याला मागचं काही दिसतही नाही. आरसे नाहीत, मान वळवून पाहायला मागची काच नाही. ए-३२० हे आता मधल्या आकाराचं विमान गणलं जातं, तरी ते साडेसदतीस मीटर लांब आहे आणि पायलट त्याच्या अगदी पुढच्या टोकाला बसतो.

मी कामाला लागलो तेव्हा सुरुवातीला लोडर होतो, मग बॅगांचे ट्रॅक्टर, मग टग. टग म्हणजे बुटका, रुंद, बाहेरून ओबडधोबड वाटणारा ट्रॅक्टर. तो मुद्दाम जड बनवतात. छोट्या विमानांचे टग दहा-पंधरा टनांच्या आसपास, जम्बोसारख्या विमानांचे पन्नास टनांच्याही वर. इंजिनात कितीही ताकद असली तरी वजनाशिवाय चाकांना पकड मिळत नाही, नुसतं रबर घासतं. टग आणि विमानाचं पुढचं चाक यांच्यामध्ये एक लांब लोखंडी दांडा असतो, टो-बार. टगचं तोंड विमानाकडे, विमानाचं तोंड टगकडे, आणि दोघांच्या मधे हा दांडा.

या दांड्याला दोन सांधे. एक टगच्या पुढच्या हुकात, दुसरा विमानाच्या चाकाशी. ड्रायव्हरनं टगचं तोंड डावीकडे नेलं की विमानाचं नाक उजवीकडे जायला लागतं आणि शेपूट डावीकडे वळते. वळण सुरू झालं की लगेच टग उलट्या अंगानं त्याच्यामागे न्यावा लागतो, नाहीतर दांडा आणि टग यांच्यात कात्री होते. शहरातली पोरं या उलट्या हिशेबाला फार बुजायची. मला ते जड गेलं नाही, कारण साखर कारखान्याच्या गाडीतळावर मी उसाच्या चारचाकी ट्रॉल्या मागे घेतलेल्या होत्या. त्या ट्रॉलीचा पुढचा आस दांड्याबरोबर वळतो, विमानाचं पुढचं चाकही तसंच. फरक एवढाच, की ट्रॉली दुसऱ्या ट्रॉलीला घासली तर शिव्या मिळायच्या. इथे पंखाचं टोक घासलं तर विमान काही दिवस जमिनीवर आणि चौकशी समितीपुढे आपण.

मला शिकवणारे मालवणकडचे होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांची एकच शिकवण होती: नाकाच्या चाकाकडे बघ, पिवळ्या रेषेकडे बघ, आणि शेपटीची काळजी करू नकोस, तिच्यासाठी माणूस उभा आहे. हे शेवटचं पचवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. माणसाला मागे जाताना मागे बघायची सवय असते. इथे ड्रायव्हरच्या पुढ्यात विमानाचं पोट, त्याच्या पलीकडे काही दिसत नाही. दोन्ही पंखांच्या टोकांशी विंग वॉकर हातात काठ्या घेऊन चालतात, रात्री त्याच काठ्या पेटत्या असतात. त्यांतल्या एकानं काठ्या डोक्यावर आडव्या धरल्या की थांबायचं. का, ते नंतर विचारायचं.

नाकाजवळ हेडसेट लावून इंजिनिअर किंवा टेक्निशियन असतो. पायलट आणि जमीन यांच्यात बोलणारा तो एकटा. सुरुवात चाकाजवळच्या एका पिनेनं होते. तिला बायपास पिन म्हणतात, तिला लाल फडकं बांधलेलं असतं. ती घातली की पुढच्या चाकाला वळवणारा हायड्रॉलिकचा दाब तुटतो आणि चाक दांड्याच्या सांगण्यावरून मोकळं फिरतं. ती घालायची राहिली आणि वर कॉकपिटमध्ये कुणी स्टिअरिंगला हात लावला, तर चाक एकदम वळतं, दांडा झाडूसारखा जमिनीलगत फिरतो आणि जवळ उभ्या माणसाचे पाय जातात. म्हणून पिनेचं फडकं दिसल्याशिवाय मामा टगमध्ये बसायचेही नाहीत.

मग ठरलेली वाक्यं. "कॉकपिट, ग्राउंड." "गो अहेड." दरवाजे बंद, चाकांखालचे चॉक काढले, पोटाखालचा लाल दिवा लुकलुकायला लागला. कंट्रोल टॉवरकडून परवानगी आणि तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं ते पायलटला मिळतं, पायलट हेडसेटवाल्याला सांगतो, तो हातानं ड्रायव्हरला. "पार्किंग ब्रेक रिलीज्ड." हे ऐकू आल्याशिवाय रेटायचं नाही, ब्रेक लावलेल्या विमानाला टगनं ढकललं तर काय तुटेल याचा नेम नसतो. पहिली ढकल अगदी हळू द्यायची. विमानात बसलेल्याला ती कळू नये, यात आम्ही आमची कला मानायचो. वाटेत इंजिनं सुरू होतात. एका ठरल्या जागी थांबायचं, "पार्किंग ब्रेक सेट" ऐकायचं, दांडा सोडायचा, पिन काढायची आणि बाजूला जाऊन ती लाल फडक्यासकट वर धरून कॅप्टनला दाखवायची. तो हात वर करतो. त्या हातानंतर विमान त्याचं.

तेवढा हात होईपर्यंत आमच्यातला कुणी चालू इंजिनाच्या आसपास रेंगाळत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आमच्याच विमानतळावर पुशबॅकच्या वेळी एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन गेला. त्या पाळीनंतर बरेच दिवस हेडसेटवर कुणी एकही शब्द गाळून बोलत नव्हतं.

मुंबईचा पावसाळा या कामाची परीक्षा घेतो. विमानं उभी राहतात त्या एप्रनवर पाण्याचा थर, त्यात सांडलेल्या तेलाचा तवंग, त्यावर टगची चाकं. एप्रनला एक बारीक उतार असतो, इमारतीपासून दूर जाणारा. इंधन सांडलं तर ते टर्मिनलकडे वाहत जाऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो. चालताना तो जाणवतही नाही, पण साठ-सत्तर टनांच्या विमानाला तो बरोबर कळतो.

अशाच एका रात्री टग मी चालवत होतो. पाऊस आडवा येत होता, विंग वॉकरच्या काठ्या तेवढ्या दिसत होत्या. वळणावर टगचं मागचं चाक घसरलं, पुन्हा पकडलं, आणि त्या झटक्यानं मोठा आवाज झाला. टो-बारमधली शिअर पिन तुटली होती. ती तुटण्यासाठीच बनवलेली असते. भार फार झाला तर विमानाचा पाय दुखावण्याऐवजी शे-दोनशे रुपयांच्या लोखंडाचा तुकडा आधी जावा, असा तिचा हिशेब. पण ती तुटली की टग आणि विमान यांच्यातलं नातं संपतं. विमान उताराच्या बाजूनं आपलं आपण मागे निघालं होतं. माणसाच्या चालण्याच्या वेगानं, पण निघालं होतं.

अशा वेळी कुणीही सांगेल, पायलटनं ब्रेक दाबावा. दाबावाच लागतो, पण जोरात नाही. विमानाचं बहुतेक वजन पंखाखालच्या मोठ्या चाकांवर असतं, नाकाच्या चाकावर दहा टक्क्यांच्या आसपास. ब्रेक असतात ते मोठ्या चाकांना. मागे जाणारं विमान त्या चाकांवर कचकन थांबवलं तर वरचं धड मागेच जात राहतं, नाक उचलतं आणि शेपूट जमिनीला टेकू शकते. हेडसेटवर आमचे इंजिनिअर होते. त्यांनी ओरडा केला नाही. "कॉकपिट, टो-बार डिसकनेक्टेड. अप्लाय ब्रेक्स, जेंटली." जेंटली हा शब्द त्यांनी इतका सावकाश उच्चारला की मला पावसातही तो त्यांच्या ओठांवरून कळला. नाकाचा पाय थोडा लांबला, विमान एकदा डोललं आणि उभं राहिलं. पोरांनी चॉक टाकले. नंतर पिन बदलली, चाकाची आणि पायाची तपासणी झाली, विमान उशिरानं गेलं. आत बसलेल्यांना एक गचका बसला असेल, एवढंच.

त्या पाळीत चहा पिताना हा प्रश्न निघालाच, की एवढी ताकदीची इंजिनं असताना विमानानं स्वतःच मागे का जाऊ नये? उतरताना तर इंजिन उलटं लावतातच. तो आवाज प्रत्येक प्रवाशानं ऐकलेला असतो. चाकं टेकली की इंजिनं गरजतात आणि अंग पुढे झुकतं. त्या वेळी इंजिन उलटं फिरत नाही. इंजिनाच्या कवचाला खिडक्या उघडतात, आतली वाट झाकणांनी बंद होते आणि मागे जाणारी हवा बाजूनं पुढच्या दिशेला फेकली जाते. तीही सगळी नाही; आजच्या इंजिनांत बाहेरच्या पंख्याची हवा तेवढी वळते, मधल्या गाभ्यातली गरम हवा मागेच जात राहते. तरी उभ्या विमानाला मागे सरकवायला हा जोर बऱ्याचदा पुरतो.

आमच्याकडे निवृत्तीला आलेले एक इंजिनिअर होते, बोईंग ७३७-२०० च्या जमान्यातले. मोकळा वेळ मिळाला की ते परदेशातल्या गोष्टी सांगायचे. अमेरिकेत १९८० च्या दशकात काही कंपन्या डीसी-९, एमडी-८० आणि ७२७ ही विमानं गेटवरून टगशिवाय मागे घ्यायच्या. या विमानांची इंजिनं शेपटीजवळ, उंचावर असतात, म्हणून जमिनीवरची धूळ-खडी इंजिनात जायची भीती कमी. आधी विमान किंचित पुढे घ्यायचं, म्हणजे उभं राहून चपटे झालेले टायर सुटतात. मग इंजिन उलटं. पुढे उभा माणूस खुणा करणार आणि पायलट त्या खुणांवर मागे जाणार. थांबायचं असेल तर ब्रेकला पाय लावायचा नाही. उलटा जोर बंद करून थोडा सरळ जोर द्यायचा. कारण तेच, शेपूट. टग वाचायचा, ड्रायव्हर वाचायचा, पण इंधन भसाभस जळायचं. इंधन महागलं तशी ही पद्धत मागे पडली. मला विचाराल तर ड्रायव्हर वाचवण्यासाठी एवढं तेल जाळणं हे तेव्हाही शहाणपणाचं नव्हतं, पण माझं मत बाजूनं झुकलेलं आहे हे उघड आहे.

त्यांनीच १३ जानेवारी १९८२ ची वॉशिंग्टनची गोष्ट सांगितली. एअर फ्लोरिडाचं ७३७-२००. बर्फ पडत होता आणि टगची चाकं गोठलेल्या एप्रनवर जागच्या जागी फिरत होती. पायलटांनी इंजिनं उलटी लावून मदत करायचा प्रयत्न केला. विमान हललं नाही, बर्फ आणि चिखल मात्र उडाला. शेवटी चाकांना साखळ्या बांधलेला दुसरा टग आला आणि त्यानं ढकललं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकलं. पुलावरचे चार धरून ७८ माणसं गेली. अपघाताची मुख्य कारणं वेगळी होती. इंजिनाची बर्फ वितळवणारी यंत्रणा चालू केली नव्हती, त्यामुळे जोर दाखवणारे काटे खोटं बोलत होते, आणि पंखांवर बर्फ होता. पण तपासात त्या उलट्या इंजिनांकडेही बोट दाखवलं गेलं, की त्यामुळे ओला बर्फ पंखांच्या कडांवर बसला असू शकतो. आमच्या घसरणाऱ्या टगची रात्र ताजी असताना ही गोष्ट ऐकली, म्हणून ती मला तारखेसकट लक्षात राहिली.

आमच्याकडच्या ए-३२० आणि ७३७ ची इंजिनं पंखाखाली, जमिनीच्या अगदी जवळ लटकतात. ती उभ्या जागी उलटी लावली तर पुढे उडालेली खडी, पिशव्या, बॅगेचे तुटके टॅग तीच इंजिनं गिळतील. आणि पुढे काय असतं? टर्मिनलच्या काचा, जिने, लोडर पोरं. उतरतानासुद्धा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास आला की पायलट उलटा जोर कमी करत आणतात, ते याच कारणानं.

हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्यात आलेले एक सार्जंट मात्र ऐकून घ्यायचे नाहीत. "आमचं सी-१७ जातं की मागे," ते म्हणायचे. खरं आहे. भारतीय हवाई दलाकडे २०१३ पासून ही अवजड विमानं आहेत, अकरा. त्यांची उलटी हवा वर आणि पुढे फेकली जाते, त्यामुळे धूळ कमी उडते, आणि अरुंद धावपट्टीवर पुढे-मागे करत ती वळूनही घेतात. जिथे टग नाही, तिथे उतरायलाच ती बनवली आहेत. पण मी सार्जंटसाहेबांना विचारलं, मागचं बघतं कोण? तर म्हणाले, लोडमास्टर मागून बघतो आणि हेडसेटवर पायलटला सांगत राहतो. म्हणजे एवढ्या महागड्या विमानालाही आमचा विंग वॉकर सुटला नाही, फक्त तो विमानाच्या आत उभा आहे.

पंख्याची विमानं या बाबतीत जास्त सोयीची. एटीआरच्या पंख्याची पाती आपल्या दांड्यावर वळतात. कोन उलटा केला की तोच पंखा तसाच फिरत हवा पुढे फेकतो. मनात आणलं तर ते मागे सरकू शकतं. आमच्याकडे कुणी तसं करताना मी पाहिलं नाही. कोल्हापूरसारख्या विमानतळावर त्याची गरजही पडत नाही. एटीआर येतानाच वळण घेऊन उभं राहतं आणि जाताना सरळ पुढे निघतं. मागे जाण्याच्या कटकटीवर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, जागा असेल तर. मुंबईत जागा कुठे आहे!

हवेत मागे जाणारं विमान मी पाहिलं ते गोव्यात. दाबोळी हा नौदलाचा तळ. तेव्हा सकाळचा वेळ त्यांचा असायचा आणि आमची प्रवासी विमानं दुपारी. मला काही काळ तिकडे पाठवलं होतं. एका सकाळी सी हॅरियर धावपट्टीवर येऊन उंचावरच उभं राहिलं. त्याच्या एका इंजिनाची हवा चार तोट्यांतून बाहेर पडते आणि त्या तोट्या वळवता येतात. सरळ खाली केल्या की विमान तरंगतं, उभ्या रेषेच्या थोड्या पुढे नेल्या की ते मागे सरकतं. आवाज असा, की कानावर मफ असून दात हुळहुळले. ते तिथे थांबलं आणि मग सावकाश, कुणी दोरीनं ओढावं तसं मागे आलं. आमच्यातला एक लोडर हातातली बॅग तशीच धरून बघत होता. ही विमानं नौदलात १९८३ मध्ये आली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली.

वाऱ्यानं मागे जाणं ही आणखी निराळी गोष्ट. माझा पुतण्या कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. त्याची छत्री हवेत ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरनं पुढे जाते. समोरून त्याहून जोराचा वारा आला, की तो हवेच्या हिशेबानं पुढेच जात असतो आणि डोंगराच्या हिशेबानं मागे. हळू उडणाऱ्या हलक्या विमानांचंही असंच होतं; सोव्हिएत एएन-२ त्यासाठी प्रसिद्ध आहे. पुतण्याला मी विचारलं, भीती कशाची वाटते? म्हणाला, "काका, मागं जायची नाही. पाठीमागं डोंगराच्या आडोशाला हवा कशी फिरतेय ते दिसत नाही, त्याची."

ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत एअर इंडियानं प्रवासी असलेलं ए-३२० टॅक्सीबॉटनं नेलं, जगात पहिल्यांदा. हे यंत्र नाकाचं चाक उचलून विमानाला धावपट्टीपर्यंत नेतं, तोवर मोठी इंजिनं बंद. स्टिअरिंग आणि ब्रेक पायलटच्याच हातात, टॅक्सीबॉट त्याचं ऐकतो. बातमी आली तेव्हा आमच्या पोरांचे चेहरे उतरले, आता टगवाल्याचं काय म्हणून. मी तपशील वाचून त्यांना सांगितलं. बेमधून, म्हणजे उभ्या जागेवरून, मागे काढायचं काम त्यातही टॅक्सीबॉटमध्ये बसलेला ड्रायव्हरच करतो. विमान मागे येऊन सरळ उभं राहिलं, की मग ताबा पायलटकडे जातो.